बागेतले वीस गुंठे

एका मोठ्या शहराच्या उपनगरातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या बाई ६३ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या सोसायटीसमोर महापालिकेची दोन एकरांची बाग आहे आणि बागेच्या भिंतीला लागूनच महापालिकेची मराठी शाळा, पहिली ते सातवी, दोन सत्रांत भरणारी. सातवीनंतरची सगळ्यात जवळची शाळा महामार्गापलीकडे. आता बागेतले २० गुंठे शाळेला देऊन तिथे तीन मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव आला आहे. त्यात आठवी ते दहावीचे वर्ग, प्रयोगशाळा, मुलींची स्वच्छतागृहं आणि तळमजल्यावर एक ‘बहुउद्देशीय सभागृह’ आहे. फाटकावर नोटीस लागली आहे. हरकती-सूचनांसाठी महिन्याची मुदत आहे, त्यातले बारा दिवस गेले. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी बाग बचाव समिती केली, बाई तिच्या चिटणीस. समितीने हरकतीचा मसुदा केला आहे, त्यावर सह्या घेतल्या जाताहेत. समिती हायकोर्टात जायच्या तयारीत आहे, वर्गणी सुरू झाली आहे. पालकांनी शाळेच्या दारात फलक लावला आहे, ‘तुम्हाला फिरायला जागा हवी, आम्हाला शिकायला.’ समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ती मुलं आत आली की बागेची वाट लागणार’ असं लिहिलं जातं. बाईंना ते खटकतं, पण त्या गप्प राहतात. त्यांच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंची मुलगी याच शाळेत सहावीत आहे. परवा कणीक मळता मळता त्यांनी विचारलं, ‘काकू, तुम्ही पण सही केलीत का?’ यांना उत्तर सुचलं नाही. आता त्या विचारतात, ‘बागेच्या बाजूने उभी राहू की शाळेच्या? चिटणीसपद सोडून देऊ का?’

प्रिय ताई,

समितीच्या आजच्या मसुद्यावर सही करू नका. चिटणीसपदही सोडू नका. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, कारण मुदत संपायला अठराच दिवस उरलेत आणि हे तुमच्या हाती पडेपर्यंत त्यातलेही काही गेलेले असतील.

बाग की शाळा, असा प्रश्न तुम्ही मला विचारला आहे. समिती तेच म्हणते, पालकांचा फलकही तेच म्हणतो. मी मात्र नोटिशीतल्या यादीपाशी अडले. वर्ग, प्रयोगशाळा, स्वच्छतागृहं, सभागृह. चार वेगवेगळ्या गरजांचं एकच गाठोडं बांधलंय, आणि घ्यायचं तर सगळं घ्या नाहीतर सगळं सोडा, असं तुमच्यापुढे ठेवलंय. गाठोडं सोडून एकेक वस्तू बाहेर काढून बघू.

मुलींची स्वच्छतागृहं आधी. ती आजच हवीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं प्रत्येक शाळेत असलीच पाहिजेत असं म्हटलंय, आणि तो कायदा २००९ चा आहे. त्यासाठी बागेतलं झाड तोडावं लागत नाही. शाळेच्या आवारात कोपरा सापडतो, नाही सापडला तर बागेतली माळ्याची मोडकी खोली किंवा बंद पडलेलं पंपघर, अशी आधीच सिमेंट झालेली जागा असते. इमारतीचा निकाल लागायला किती वर्षं जातील कोणी सांगावं! तोवर सहावी-सातवीतल्या मुलींनी घरून निघताना पाणी न पिता यायचं का? तुमच्या समितीने महापालिकेला पहिलं पत्र लिहावं ते याच मागणीचं: बागेचं काहीही होवो, स्वच्छतागृहं लगेच बांधा. पालकांनी दारात फलक लावलेला असताना बाग बचाव समितीने हे पत्र दिलं, तर पुढचं सगळं बोलणं बदलेल.

वर्गखोल्यांची गरजही खरी आहे, आणि पालक एवढे तावातावाने का बोलतात ते इथे कळतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावी त्यात येत नाही. शाळा सातवीला संपते, पुढची शाळा महामार्गापलीकडे, आणि मुलगी तेरा वर्षांची. अशा घरांत काय निर्णय होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्ग हवेतच. ते कुठे, याकडे मी पुढे येते.

प्रयोगशाळेला एक खोली पुरते. वर्ग झाले की तीही होते.

राहिलं सभागृह. याबद्दल मला शंका आहे आणि ती तुम्ही सगळ्यांनी मिळून उघडपणे विचारावी. शाळा सुटल्यावर आणि रविवारी ते कोणाच्या ताब्यात असेल? भाडं कोण घेईल? नकाशा मागवा आणि सभागृहाला रस्त्याकडून वेगळं फाटक दाखवलंय का ते पाहा. असेल, तर ती वास्तू मुलांपेक्षा लग्न-मुंजींसाठी जास्त वापरली जाईल. तसं झालं तर नुकसान दोघांचं, बागेचंही आणि शाळेचंही. परीक्षेच्या आदल्या रात्री खिडकीखाली वाजंत्री कोणत्या पालकाला हवी असते?

आता तुमच्या बाजूकडे येते. इथे थोडं बोचेल, पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुम्हाला ते हवंच आहे.

मसुद्यात पहिलंच वाक्य आहे, ‘ही बाग सर्व नागरिकांची आहे.’ ताई, दुपारी बारा वाजता कधी त्या फाटकापाशी गेलात? पुण्यासारख्या शहरांत महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. तुमच्याकडेही तसंच असेल, तर शाळा भरलेली असते नेमक्या त्याच वेळात बागेला कुलूप असतं. भिंतीच्या एका बाजूला खेळायला जागा नाही म्हणून व्हरांड्यात रांगा लावलेली मुलं, आणि दुसऱ्या बाजूला दोन एकर सावली, आत कोणी नाही. वर्षानुवर्षं हे असं चाललंय आणि ते कोणाच्या नजरेला आलेलं नाही. बाग सकाळी फिरणाऱ्यांची आहे, संध्याकाळी झोपाळ्यावर येणाऱ्या लहानग्यांची आहे. सर्वांची व्हायची अजून बाकी आहे. तशी ती झाली तर तिच्या बाजूने उभे राहणारेही वाढतील, आणि तिला धक्का लावायची हिंमत पुढे कोणी करणार नाही.

पालकांचा फलकही तितकाच चुकीचा आहे, हेही सांगायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहणाऱ्या घराला मोकळ्या जागेची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. आपल्याला गॅलरी असते, सोसायटीचं आवार असतं, गच्ची असते. बागेतले वीस गुंठे गेले तर सगळ्यात आधी ते त्यांच्याच मुलांच्या वाट्यातून जातात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या शहर नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं धरलंय. दाट वस्तीत त्याच्या जवळपासही आपण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा, त्याच्या कलम २२ मध्ये शाळा एका खंडात आणि मोकळ्या जागा, क्रीडांगणं वेगळ्या खंडात नोंदली आहेत. शहराला दोन्ही लागतात, एकातून दुसरी भागवायची नसते, हे ज्यांनी कायदा लिहिला त्यांना कळलं होतं.

‘ती मुलं बागेची वाट लावतील’ या वाक्याबद्दल मी सौम्यपणे लिहू शकत नाही. त्या मुलांपैकी एकीच्या आईच्या हातच्या पोळ्या तुमच्या घरात रोज खाल्ल्या जातात. ग्रुपवर ते वाक्य पुन्हा आलं की तिथेच उत्तर द्या, लांबलचक नको, दोन ओळी पुरेत: ‘ही मुलं आपल्याच वस्तीतली आहेत. असं लिहिणार असाल तर समितीच्या पत्रावर माझं नाव नको.’ चार जण नाराज होतील. तुमच्यासारखेच गप्प बसलेले आणखी दहा जण त्या ग्रुपमध्ये असतील, त्यांना धीर येईल. आणि हे कोर्टाच्याही दृष्टीने महत्त्वाचं आहे. उद्या हे संदेश कोणी कागदपत्रांना जोडले, तर बाग वाचवण्याचा तुमचा खरा मुद्दा त्यांच्याखाली दबून जाईल.

आता कायद्याचं, कारण या टप्प्यावर अर्धी लढाई कागदांची असते.

‘बाग’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याखाली तीन वेगळ्या जमिनी असू शकतात. शहरातली कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या विकास योजनेत ‘उद्यान’ म्हणून आरक्षित, म्हणजे राखून ठेवलेली जागा ही पहिली. दुसरी, एखाद्या मंजूर ले-आउटमधली सोडलेली मोकळी जागा, जिच्यावर त्या ले-आउटमधल्या भूखंडधारकांचे हक्क असतात. आणि तिसरी, सुविधा भूखंड, म्हणजे अॅमेनिटी स्पेस, ज्यावर शाळा बांधायला नियमातच वाव असतो आणि तिथे बाग केवळ तात्पुरती फुलवलेली असते. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं येतं. मी अशा बैठकांना जाऊन बसले आहे, जिथे लोक दोन-दोन तास तावातावाने भांडले आणि जमीन यातल्या कोणत्या प्रकारची आहे हे खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पैसे थोडे लागतात, आणि हा कागद हातात आल्याशिवाय वकिलाकडे जाऊ नका.

तुमच्या नोटिशीवर हरकतींसाठी एक महिना दिलाय, त्यावरून हा बहुधा त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा, विकास योजनेतला फेरबदल आहे, म्हणजे जागा विकास योजनेतल्या आरक्षणाची. नोटिशीवर कलमाचा उल्लेख असतो, तो बघून खात्री करा. या रस्त्याने जाताना महापालिकेला सर्वसाधारण सभेचा ठराव करावा लागतो, राजपत्रात नोटीस द्यावी लागते, कोणाही व्यक्तीच्या हरकती आणि सूचना घ्याव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते, आणि शेवटचा शब्द राज्य शासनाचा असतो. ‘कोणाही व्यक्तीच्या’ हे लक्षात ठेवा. पोळ्यांना येणाऱ्या बाई पत्र देऊ शकतात, नववीतली मुलगी देऊ शकते, बागेचा माळीही देऊ शकतो. आणि हरकतींबरोबर सूचनाही घेतल्या जातात, हे बहुतेक समित्या विसरतात. छापील हरकतीच्या पाचशे प्रती दिल्या की त्यांची नोंद एका ओळीत होते. वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या शब्दांत दिलेल्या तीस सूचना सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला वाचाव्या लागतात.

माहिती अधिकाराचा अर्ज केलात तर उत्तराला ३० दिवसांपर्यंत वेळ असतो आणि तुमची मुदत त्याआधी संपते. अर्ज कराच, पण त्यावर विसंबू नका. राज्य शासनाने २०१८ मध्ये महापालिकांसह स्थानिक कार्यालयांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांसाठी अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितलंय. येत्या सोमवारी समितीतले दोघे आणि पालकांमधले दोघे असे चौघे मिळून जा. एकत्र जाणं मी मुद्दाम सांगते आहे. फाइल सगळ्यांनी एकाच वेळी पाहिली की नंतर ‘तुमच्या लोकांनी काहीतरी लपवलं’ असं कोणाला म्हणता येत नाही.

त्या फाइलमध्ये काय शोधायचं? शाळेच्या सध्याच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, आणि तिच्यावर आणखी मजले चढवता येतात का, याबद्दल अभियंत्याचं लेखी मत. आसपासच्या महापालिका शाळांतली पटसंख्या आणि खोल्या. एका शाळेत दोन सत्रं आणि चालत दहा मिनिटांवरच्या दुसऱ्या शाळेत चार खोल्यांना कुलूप, किंवा त्यांत एखाद्या कार्यालयाचं गोदाम, असं चित्र काही दुर्मिळ नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: तुमच्या प्रभागात विकास योजनेत शाळेसाठी आरक्षित असलेला दुसरा भूखंड आहे का? भाग नकाशावर तो दिसतो. बऱ्याचदा असतो, खासगी मालकीचा, संपादन न झालेला, त्यावर गॅरेज किंवा पत्र्याची शेड उभी. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे योजना लागू होऊन दहा वर्षं झाली की मालक नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर ते आरक्षण संपतं. शाळेची हक्काची जागा अशी हातची जाऊ द्यायची आणि मग शाळा बागेत घुसवायची, हा प्रकार तुमच्याकडे होतोय का, ते तपासा. होत असेल तर पालक आणि फिरणारे यांच्यात भांडण उरतच नाही. दोघांनी मिळून ‘शाळेचा भूखंड ताब्यात घ्या’ म्हणून महापालिकेच्या मागे लागायचं.

हायकोर्टाचं काय? समितीतले जे काका वर्गणी जमवताहेत ते चुकीचे नाहीत. बागांच्या बाजूने न्यायालयं ठाम उभी राहिली आहेत. बेंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तार भागात योजनेत बाग म्हणून राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला इस्पितळासाठी देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला. इस्पितळही चांगलंच काम, पण म्हणून ते बागेची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. लखनौच्या अमीनाबादमध्ये बागेखाली भुयारी बाजार बांधला गेला, तेव्हा १९९९ मध्ये न्यायालयाने तो काढून बाग पूर्ववत करायला लावली. ही ताकद तुमच्या पाठीशी आहे.

पण तुमच्याकडे समोर खासगी ट्रस्ट नाही, व्यापारी संकुल नाही. महापालिकेचीच, गरिबांच्या मुलांची शाळा आहे, आणि प्रस्ताव फेरबदलाच्या रीतसर मार्गाने आलाय. त्या दोन निकालांचं बळ इथे तसंच्या तसं मिळेल असं धरून चालू नका. शिवाय आज गेलात तर न्यायालय पहिला प्रश्न विचारेल, ‘हरकत नोंदवली का?’ म्हणजे हरकत-सूचना आणि सुनावणी हा टप्पा टाळता येतच नाही. आणि समजा स्थगिती मिळाली. बागही तशीच राहील आणि दोन सत्रंही तशीच चालू राहतील, किती वर्षं ते वकीलही सांगणार नाही. आज सहावीत असलेली मुलगी तोवर कुठे असेल? कोर्टाची वाट मोकळी ठेवा, वर्गणीही बाजूला ठेवा, पण तिकडे जायचं ते सुनावणीत आपलं ऐकलं गेलं नाही तरच.

मला स्वतःला या बाबतीत एक आठवण कायम वाट दाखवते. माझ्या शाळेला मैदान नव्हतं. शनिवारी सकाळी बाई आम्हाला दोन-दोनच्या रांगेत रस्ता ओलांडून सार्वजनिक मैदानात न्यायच्या. तिथे आमच्याबरोबर दुसऱ्या शाळेची मुलं असायची, म्हातारी माणसं असायची, एका कडेला कोणीतरी सायकल शिकत असायचं. मैदान आमच्या शाळेचं नव्हतं, म्हणून आम्हाला कधी कमी वाटलं नाही. मुंबईच्या शालेय क्रिकेटकडे बघा. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती आझाद मैदानावर, म्हणजे सार्वजनिक मैदानावर. शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याच्या काठावर शाळा आल्या, त्यांची मुलं पिढ्यान् पिढ्या तिथे खेळली, आणि पार्क सगळ्यांचंच राहिलं. शाळेला खेळायला जागा मिळणं आणि शाळेच्या नावावर जागा होणं यांत फरक आहे. तुमच्या वादातला तोडगा मला याच फरकात दिसतो.

म्हणून मी सुचवते ते असं. बाग आणि शाळा यांच्यामधल्या भिंतीत एक फाटक काढा. बाग दुपारी बंद असते त्या वेळात, म्हणजे साधारण अकरा ते चार, ती शाळेच्या मुलांना खेळासाठी, झाडाखाली वाचायला, विज्ञानाच्या तासाला खुली करा. शाळेने शिक्षक सोबत द्यावा, उद्यान विभागाने एक माळी त्या वेळात ठेवावा, फाटकाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. शाळेचं सध्याचं छोटं पटांगण मग मोकळं होतं आणि त्यावर, शिवाय जुन्या इमारतीवर मजले चढत असतील तर तिथे, वर्ग बांधता येतात. बागेचं आरक्षण जसंच्या तसं राहतं. हे सगळं तोंडी ठरवू नका. उद्यान विभाग आणि शिक्षण विभाग यांच्यात लेखी व्यवस्था हवी, नाहीतर आयुक्त बदलले की फाटकाला कुलूप लागतं.

अभियंत्याने लिहून दिलं की मजले चढत नाहीत, दुसरा भूखंड नाही, शेजारच्या शाळेत खोल्या नाहीत, तर? तेव्हा बागेतली काही जागा द्यावी लागेल, आणि ती द्यायला तुम्ही तयार असावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण वीस गुंठे नव्हेत. सभागृह वगळून वर्गांना खरोखर लागेल तेवढीच, शाळेच्या भिंतीला चिकटून, जिथे झाडं कमी आहेत तिथे. आणि जेवढी जागा जाईल तेवढीच त्याच वस्तीत चालत जाता येईल अशा ठिकाणी, बांधकाम सुरू होण्याआधी बाग म्हणून उघडलेली. ‘आधी’ या शब्दावर अडून बसा. नाल्याकाठची पट्टी किंवा टेकडीचा उतार कागदावर दाखवून बोळवण करू देऊ नका. झाडांचा कायदाही हाताशी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडायच्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात, आणि ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. बाग पंचवीस वर्षांची असली तरी त्यातला वड किंवा चिंच तिच्याआधीची असू शकते. एकेका झाडाची नोंद करा, जात, घेर, जागा, फोटो. शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन केलीत तर एका शनिवारी होईल.

त्याच आठवड्यात आणखी एक मोजणी करा. सात दिवस, दिवसातून सहा वेळा, बागेत कोण आहे ते वहीत लिहा: बायका किती, म्हातारी माणसं किती, मुलं किती, एकटी किती. दुपारी फाटकाला कुलूप असेल तर ‘कुलूप’ असं लिहा. पालकांनी शाळेत मोजावं: एका खोलीत किती मुलं बसतात, किती मुलींमागे एक स्वच्छतागृह, सातवी पास झालेल्या गेल्या तीन वर्षांतल्या मुली आज कुठे आहेत. दोन्ही वह्या एकाच टेबलावर येऊ द्या. आजवर तुम्ही दोघांनीही एकमेकांना घोषणाच ऐकवल्या आहेत.

बैठक शाळेत घ्या, सोसायटीच्या हॉलमध्ये नको. तिथे पालक संकोचतात, खुर्चीच्या कडेला बसतात आणि मान डोलावून निघून जातात. वेळ संध्याकाळी सातनंतरची, कामावरून परतलेल्या आयांना येता येईल अशी. बोलावणं शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने जावं. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, म्हणजे बोलायला अधिकाराची माणसं आधीच आहेत. बैठकीच्या आधी सगळ्यांनी मिळून अर्धा तास बाग आणि शाळा दोन्ही फिरून पाहावी, शाळेचं स्वच्छतागृहसुद्धा. तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांनी ते आजवर पाहिलंय? नगरसेवकाला पहिल्या बैठकीला बोलावू नका, दुसऱ्या बैठकीला बोलवा, दोन्ही बाजूंचं एक पान लिहून झाल्यावर.

सुनावणीसाठी तुमचं स्वतःचं पत्र वेगळं द्या, समितीचं वेगळं. मसुदा साधारण असा ठेवा: ‘मी या बागेत रोज फिरायला येते. शेजारच्या शाळेला आठवी ते दहावीचे वर्ग आणि मुलींची स्वच्छतागृहं मिळाली पाहिजेत, असं माझं मत आहे. त्यासाठी उद्यानाचं आरक्षण कमी करण्याआधी सध्याच्या इमारतीचा अहवाल, आसपासच्या शाळांतल्या रिकाम्या खोल्या आणि शाळेसाठी आरक्षित असलेले इतर भूखंड यांची माहिती जाहीर करावी. सभागृहाचा प्रस्ताव वगळावा. बाग दुपारच्या वेळात शाळेच्या मुलांसाठी खुली करावी. काही जागा देणं अटळ ठरल्यास तेवढीच जागा याच वस्तीत आधी विकसित करून द्यावी. मला सुनावणीस समक्ष बोलवावे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.

हेच पत्र समितीपुढेही ठेवा. चिटणीस तुम्ही आहात, मसुदा मांडायचा अधिकार तुमचा आहे, म्हणूनच पद सोडू नका म्हटलं. बहुमताने नाकारलं, तर तेव्हा राजीनामा द्या आणि कारण लिहून द्या. ज्यांच्याबरोबर तुम्ही इतकी वर्षं चाललात त्यांच्याशी वाईट होईल ही भीती मला समजते. तुमच्या वयात सकाळची सोबत ही लहान गोष्ट नसते. पण बागेवरचं त्यांचं प्रेमही खरं आहे. त्यांच्यातल्या एखाद्याला सोमवारी फाइल पाहायला बरोबर न्या, एखाद्याला झाडांच्या नोंदीला मुलांबरोबर बसवा. भाषणांपेक्षा याने माणसं लवकर हलतात.

आणि पोळ्यांना येणाऱ्या त्या बाई. त्यांना तुमच्या बाजूने किंवा बैठकीत उभं राहून बोलायला सांगू नका. त्या तुमच्याच इमारतीत आणखी तीन-चार घरांत काम करत असतील, आणि त्या घरांतली माणसं समितीत आहेत. त्यांना बोलायची किंमत मोजावी लागू शकते, तुम्हाला नाही. बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

उत्तर मात्र त्यांना तुम्ही द्यायचं आहे, कारण प्रश्न तुम्हाला विचारला होता. उद्या त्या आल्या की पोळ्या होऊ द्या, मग चहा दोघींसाठी ठेवा आणि सांगा, ‘सही केली नाही. मी माझं वेगळं पत्र देते आहे, तुम्हाला वाचून दाखवू का?’ पत्र वाचून दाखवा. त्यात काय चुकलंय ते त्यांना विचारा, आणि त्या सांगतील ते त्यांच्यासमोरच पेनने दुरुस्त करा.